जोडप्यांना प्राधान्य

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आयली हापालाच्या मोबाइलवर एक पत्र आलं आणि त्याची सुरुवात ‘प्रिय आयली आणि दारिओ’ अशी होती. ही दोन नावं अशी शेजारी शेजारी तिने चार वर्षांत पाहिली नव्हती. शेवटची पाहिली ती कोर्टाच्या कागदावर, आणि तिथे मध्ये ‘विरुद्ध’ होतं. काट्याला टोचलेला बटाटा तसाच धरून तिने मान वर केली. शिक्षकांच्या खोलीत पलीकडे, खिडकीपाशी, गणिताचा दारिओ बेर्तोली उभ्या उभ्या डब्यातला कालचा पास्ता खात होता. तोही मोबाइलकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. बावीस वर्षं ते कान जवळून पाहिलेल्या बाईला आणखी पुरावा लागत नाही. पत्र त्यालाही गेलं होतं.

घटस्फोटानंतर दोघांपैकी कुणीतरी एक शाळा बदलेल, असं थंडर बे या गारठलेल्या शहरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि म्हणूनच दोघांनीही बदलली नाही. त्याऐवजी तह झाला. खिडकी त्याची, फ्रिज तिचा. मायक्रोवेव्ह बारा पाचला त्याचा, सव्वाबाराला तिचा. सरोवराकाठचा कॅम्प, म्हणजे सुट्टीतलं लाकडी घर, सम आठवड्यांत त्याचा, विषम आठवड्यांत तिचा. एका वर्षी नेमके त्रेपन्न आठवडे निघाले तेव्हा वकिलाला पुन्हा फोन करावा लागला होता. मूल नव्हतं. पुल्ला नावाची कुत्री होती, ती वाटणी व्हायच्या आधीच शहाणपणाने वारली. एवढं सगळं नीट बसलेलं असताना आता मंगोलियातल्या उलानबातरहून कुणी डर्व्हला टियर्नी नावाची बाई, तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेची मुख्याध्यापिका, लिहीत होती की नोकऱ्या जुळवून देणाऱ्या संस्थेच्या यादीत आम्हाला तुमची नावं सापडली, ऑगस्टपासून आम्हाला जीवशास्त्राची आणि गणिताची जागा भरायची आहे, आमच्याकडे जोडप्यांना प्राधान्य असतं, आणि तुम्ही थंडर बेचे आहात हे वाचून मला विशेष आनंद झाला. शेवटचं वाक्य आयलीने तीनदा वाचलं. आपण थंडर बेचे आहोत याचा आजवर कुणाला साधा आनंद झाल्याचंही तिला आठवत नव्हतं.

दारिओ खोली ओलांडून फ्रिजपाशी आला. खेळाच्या मास्तरांनी चावणं थांबवलं.

“तुला आलं?” दारिओने विचारलं.

“आलं.”

“त्या यादीतनं नाव काढायला मी तुला सांगितलं होतं.”

“मी तुला सांगितलं होतं.”

“बरं. म्हणजे कुणीच काढलं नाही.” त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुन्हा चावू लागले. “बाहेर ये.”

बाहेर म्हणजे बॉयलरच्या खोलीसमोरचा बोळ, जिथे मुलं चोरून भेटतात आणि जिथून गेल्याच आठवड्यात आयलीने दोघांना हाकललं होतं. ती म्हणाली, “मी लिहून टाकते. आमचा घटस्फोट झालाय, आभारी आहोत. दोन ओळींचं काम.”

“लिहू नकोस.”

“का?”

“तू लिहू नकोस, एवढंच.” तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. “आठवडाभर विचार करू. शनिवारी पॅनकेकला ये. माझा आठवडा आहे, पण मी कॅम्पवर जात नाहीये.”

चार वर्षांत त्याने स्वतःचा आठवडा सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं. आयली तासाला गेली आणि बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे तिने एका मुलाला तीनऐवजी चार सांगितलं.

मग ती तोलत राहिली. बुधवारी, गुरुवारी, रात्री गोठू नये म्हणून गाडीच्या इंजिनाला विजेची तार जोडताना, सौनात घामाघूम बसलेली असताना, कपडे घडी करताना. जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, कारण जाणं शक्य नव्हतं. जे शक्य नाही ते तोलायला मजा येते, वजन हाताला लागत नाही. उलानबातर. जानेवारीत उणे तीस. म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडून पुन्हा तीच तार, तोच मफलर. दहा वर्षांपूर्वी त्यांनी त्या यादीत नाव घातलं ते नेमकं थंडीला कंटाळून. फेब्रुवारी होता, गाडी सलग तिसऱ्या दिवशी सुरू झाली नव्हती, दारिओच्या मिशीत बर्फाचे मणी होते, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर हसत हसत त्यांनी अर्ज भरला होता. ‘तुमची बलस्थानं’ या रकान्यात दारिओने ‘आम्ही भांडत नाही’ असं लिहिलं होतं आणि त्यावरून त्यांचं भांडण झालं होतं. दोन महिन्यांनी माँटेव्हिडिओहून जागा चालून आली. समुद्र, संत्री, शाळेच्या आवारात ताडाची झाडं. आणि दारिओने नकार दिला. आईला सोडवेना म्हणून.

ही गोष्ट आयलीने इतक्या वेळा सांगितली होती की तिला जिन्याच्या कठड्यासारखी झिलई आली होती. बहिणीला सांगितली, समुपदेशकाला सांगितली, वकिलाला सांगितली, केस कापणाऱ्या बाईला तर दोन भागांत सांगितली. दारिओ शेगडीपाशी उभा होता. हातात लाकडी डाव होता. डावावरून टोमॅटोचा रस्सा टपटपत होता आणि तो म्हणाला होता, मम्माचं काय? बस. तिथून पुढे सगळं उतरणीला लागलं. मूल नसलेल्या घरात एखादा शब्द मुलासारखा वाढतो, तसा माँटेव्हिडिओ वाढला. नळ गळला की माँटेव्हिडिओ. सुट्टीत कुठे जायचं यावर वाद झाला की माँटेव्हिडिओ. शेवटी शेवटी तर तिला नुसतं ‘मा’ म्हणायचा अवकाश, दारिओ उठून गराजमध्ये जाई. आयलीला त्या दिवसांतला स्वतःचा आवाज आठवला. तो तिला कधी आवडला नव्हता, पण तिची बाजू खरी होती, आणि बाजू खरी असली की आवाजाचं कुणी बघत नाही, असं ती तेव्हा समजत होती.

शनिवारी पॅनकेकच्या हॉटेलात दारिओ आलेखाचा कागद घेऊन आला. कागदाला मधोमध रेघ मारून त्याने दोन रकाने केले होते. एकावर ‘जावं’, दुसऱ्यावर ‘जाऊ नये’. पॅनकेक येईपर्यंत आयलीने तो उलटा वाचला. ‘जावं’खाली होतं: घोडे. माझं वय त्रेपन्न. नववीचा ब वर्ग नसेल. आयली. ‘जाऊ नये’खाली होतं: गुडघा. मम्मा. मटण रोज. आयली.

“मी दोन्हीकडे?”

“हो.”

“मग माझा अर्थ काय लावायचा?”

“समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तेच पद असलं की ते काटता येतं,” दारिओ म्हणाला आणि पेन काढून त्याने तिला दोन्हीकडून काटलं. रेघ सरळ होती, फळ्यावर मारतो तशी. आयलीला काही वाटायचं कारण नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिने स्वतः सही करून ते पद काटलं होतं. तरीही तिने पेन त्याच्या हातातून घेऊन टोपण घट्ट लावलं.

“राहायचं कुठे?” तिने विचारलं.

“शाळाच घर देते. एक झोपायची खोली आणि एक अभ्यासिका.”

“अभ्यासिकेत तू.”

“माझा गुडघा दुखतो. अभ्यासिकेत तू.”

“म्हणजे आपण नवराबायको असल्याचं सोंग करायचं?”

“त्यांनी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर कशाला? बाकी सोंगाची सवय आहेच.”

पॅनकेक आले. वाढणारी बाई दोघांना एका टेबलावर बघून पाकाची वाटी एकच ठेवून गेली. दारिओने ती आयलीकडे सरकवली. तो म्हणाला, “एक मात्र आधीच ठरवू. या वेळी शेवटच्या घटकेला तुझं मन फिरलं तर तू मला आधी सांगायचं.”

“या वेळी म्हणजे?”

“माँटेव्हिडिओसारखं नको.”

आयलीने काटा खाली ठेवला. हळूच ठेवला. शेजारच्या टेबलावर तिचे दोन जुने विद्यार्थी त्यांच्या मुलांना घेऊन बसले होते. “माझं मन? दारिओ, तू नाही म्हणालास. शेगडीपाशी. डाव हातात घेऊन.”

“मी म्हणालो, मम्माचं काय, मला दोन दिवस दे.”

“आणि मग नाही म्हणालास.”

“मी काही म्हणालोच नाही. म्हणायची वेळच आली नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याच गोष्टीने तिला चेव आला. तिने मोबाइल काढला. संस्थेच्या जुन्या खात्यात सगळा पत्रव्यवहार असणार, तारीखवार. काढतेच तुझा नकार, ती म्हणाली. परवलीचा शब्द तिला आठवेना. “पुल्ला आणि तिचं जन्मवर्ष,” दारिओ पाक ओतत म्हणाला. खातं उघडलं. त्यांचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो आला. दोघं कॅम्पच्या पायरीवर, मध्ये कुत्री, तिघांचीही तोंडं उघडी. खाली पत्रं. माँटेव्हिडिओची जागा देऊ करणारं पत्र सोमवारचं. त्याला उत्तर बुधवारचं, सकाळी अकरा चाळीस. ‘महोदय, कौटुंबिक कारणांमुळे आम्हाला येणं शक्य होणार नाही याचा खेद वाटतो. आपले, आयली आणि दारिओ.’ आयलीच्या पत्त्यावरून गेलेलं. ‘खेद वाटतो’च्या आधी स्वल्पविराम देऊन मग काढून टाकल्यासारखी एक रिकामी जागा होती. ती सवय तिचीच. दारिओला स्वल्पविराम कुठे द्यायचे हे कधी कळलंच नव्हतं.

आधी तिला वाटलं, हे कुणीतरी नंतर घातलंय. मग अकरा चाळीस या आकड्याने तिला आत ओढलं. बुधवारचा चौथा तास तिला मोकळा असायचा. प्रयोगशाळेच्या मागची छोटी खोली. फॉर्मॅलिनचा वास, बरणीतला मासा, खिडकीच्या काचेवर आतून धरलेलं दव. टेबलावर गुलाबी साखर थापलेला अर्धा पर्शियन, गावातला नेहमीचा गोड पाव. ती त्या दिवशी सकाळी मासळीच्या दुकानात गेली होती आणि तिथल्या म्हाताऱ्याने न बघताच विचारलं होतं, “नेहमीचं?” आणि ती म्हणाली होती, नेहमीचं. आणि मग मागच्या खोलीत बसल्यावर तिला एकाएकी असं दिसलं की ती एका उजेडाने भरलेल्या, संत्र्यांच्या वासाच्या बाजारात उभी आहे आणि तिला कुणीही, कधीही, नेहमीचं म्हणून विचारणार नाही. तिचं नेहमीचं काय, हे तिथे एकाही माणसाला ठाऊक नसेल. तळव्यांना घाम आला होता. तिने पत्र लिहिलं, खाली दारिओचं नाव घातलं, पाठवलं आणि उरलेला पर्शियन खाऊन टाकला. घरी जाऊन ती म्हणाली होती, “मी तुझ्यासाठी ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं. तुला मम्माला सोडवणार नाही, मला माहीत आहे.” म्हणताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात आठवून आयलीला आता पॅनकेकच्या ताटलीत तोंड लपवावंसं वाटलं.

“तू तेव्हा बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? मम्माला सांगितलं, ती रडली, मग नाक पुसून दुकानात गेली आणि माझ्यासाठी निळी बॅग घेऊन आली. ती बॅग गाडीत टाकून मी घरी आलो, तर तू मोठ्या मनाने त्याग करून बसलेली. मला वाटलं, हिला जायचं नाहीये आणि ते तोंडातून निघत नाहीये. निघू दे माझ्या नावावर. एकदोन महिने बोलेल.”

“मी दहा वर्षं बोलले.”

“हो, ते जरा लांबलं,” दारिओ म्हणाला. “खा. गार होतायत.”

मुलाखत पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहाला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. लॅपटॉप एका उंच स्टुलावर, समोर दोन स्टुलं, मागे सांगाडा. दारिओने लग्नाकार्याचा कोट घातला होता. पडद्यावर डर्व्हला टियर्नी खोलीतही जाड जाकीट घालून बसली होती, साठीची, लाल नाकाची, आणि बोलताना ती सारखी कपाने हात शेकत होती. शिकवण्याबद्दल तिने पाचच मिनिटं विचारलं. मग पुढे झुकून म्हणाली, “आता खरं सांगा. उणे तीसला तुम्ही काय करता?”

“सवय आहे,” दारिओ म्हणाला. “उणे तीसला आम्ही गाडी सुरू करून आत कॉफी प्यायला जातो.”

बाईने डोळे मिटले. “मागचं जोडपं फ्लोरिडाचं होतं. नाताळला घरी गेलं ते आलंच नाही. त्याआधीचं सिडनीचं. त्याने ऑक्टोबरमध्ये रडायला सुरुवात केली.” मग तिने कागद उलटला. “फक्त एक विचारायचं आहे. दहा वर्षांपूर्वी तुम्ही माँटेव्हिडिओची जागा घेतली नाही. कौटुंबिक कारण. ते कारण आता मिटलंय का?”

आयलीला तिच्या शेजारच्या स्टुलावरचा श्वास ऐकू आला. दारिओने घसा साफ केला. “माझी आई,” तो म्हणाला, “तेव्हा तिची तब्येत—”

किती सहज. दहा वर्षं अंगावर वागवलेल्या कोटात घालावेत तसे तो पुन्हा हात घालत होता. आता नुसतं गप्प राहायचं, मान खाली घालून जरा दुःखी दिसायचं, की संपलं. गोष्ट पुन्हा कठड्यासारखी गुळगुळीत, घरी न्यायला सोपी. आयलीने सांगाड्याच्या पायाकडे पाहिलं. डाव्या पायाची करंगळी गेली कित्येक वर्षं नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

“नाही,” ती म्हणाली. “त्याच्या आईचा काही संबंध नाही. पत्र मी लिहिलं, त्याला न विचारता. मला भीती वाटली. आणि आमचा घटस्फोट झालाय, चार वर्षांपूर्वी. यादीतून नाव काढायचं राहून गेलं.”

पडद्यावरची बाई इतकी स्तब्ध झाली की संपर्क तुटला असं दारिओला वाटलं आणि त्याने लॅपटॉपवर बोटाने टकटक केली.

“ऐकतेय मी,” डर्व्हला टियर्नी म्हणाली. “घटस्फोट होऊनही एकाच शाळेत आहात?”

“एकाच मजल्यावर,” दारिओ म्हणाला.

“चार वर्षं?”

“मायक्रोवेव्हची वेळ ठरलेली आहे,” आयली म्हणाली.

“तुम्हाला माहीत आहे का,” बाई कप खाली ठेवून म्हणाली, “माझ्याकडे आलेल्या सहा जोडप्यांपैकी चार फेब्रुवारीपर्यंत मोडली. वर्षाच्या मध्यात. एकाला गणित सोडायचं असतं, दुसरीला इमारत. वेळापत्रकाची वाट लागते. तुमचं ते आधीच उरकलेलं आहे.” तिने काहीतरी लिहून घेतलं. “दोन वेगळी घरं लागतील. बघते.”

रविवारी पत्रं आली. या वेळी दोन, वेगवेगळी. दारिओला तिसरा मजला, आयलीला पाचवा. उत्तर शुक्रवारपर्यंत. सोमवारी शाळेच्या दारात बूट झटकताना दारिओ म्हणाला, “मी हो कळवलं.”

“मला न विचारता?”

“तुला विचारून काय करू? तुझं तू कळव. आणि माझं नाव घालू नकोस खाली.” एवढं बोलून तो गेला, जरा लंगडत, पण त्याच्या लंगडण्यात एक उडी होती.

आणि मग आयलीच्या लक्षात आलं की आता वजन हाताला लागतंय. सोमवारपासून ती कारण शोधत होती. कारणाशिवाय ‘नाही’ म्हणायची तिला सवय नव्हती, आणि घरात तर एकही कारण सापडेना. बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, जा ना, मला कॅम्प वापरता येईल. दातांच्या डॉक्टरकडे गेली, वरची दाढ ठणकतेय म्हणून. डॉक्टरांनी टॉर्च मारून दाढ ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि आयलीचा चेहरा पडलेला बघून तेच ओशाळले. मंगळवारी तिने मासळीच्या दुकानात जाऊन मुद्दाम वाट पाहिली. म्हातारा गेल्या वर्षी निवृत्त झाला होता, हे तिला माहीत होतं. त्याच्या जागी आलेल्या मुलीने विचारलं, “काय देऊ?” आणि आयलीला काय हवंय ते पटकन सांगता आलं नाही. मागे रांग खोळंबली. तिने काहीतरी बोट दाखवून घेतलं, घरी येऊन पाहिलं तर ते कोळंबीचं तयार कालवण होतं, आणि तिला कोळंबी चालत नाही. बुधवारी दुपारी तिला एकदम सुटका झाल्यासारखं झालं. असुन्ता. दारिओची मम्मा, वय शहाऐंशी, वृद्धनिवासात. मुलगा मंगोलियात गेल्यावर तिच्याकडे कोण बघणार? कुणीतरी इथे राहायलाच हवं. कुणीतरी म्हणजे कोण, हे उघडच होतं.

ती साडेचारला पोचली. चार वर्षांत दोनदाच आली होती, दोन्ही वेळा नाताळात. असुन्ता बेर्तोली खिडकीशी खुर्चीत बसून मोजे विणत होती, काळा झगा, नीट विंचरलेले केस, पायात मुलाने दिलेले धावायचे बूट. तिने वर न बघता विचारलं, “कोण मेलं?”

“कुणी नाही, मम्मा. भेटायला आले.”

“बस. कोट काढ. दारिओने सांगितलं मला. घोडे आहेत म्हणाला. याला घोड्यावर कोण बसवणार?”

“मी विचार करत होते,” आयली खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, “तो गेल्यावर तुमच्याजवळ कुणीतरी हवं. मी आहे ना इथे. मी राहीन. माझं काय, मला जायचं असंही काही—”

असुन्ताच्या सुया थांबल्या. तिने चष्म्यावरून आयलीकडे पाहिलं.

“पुन्हा?” ती म्हणाली.

“काय पुन्हा?”

“पोरी, मला एकदा वापरलंस. दुसऱ्यांदा नाही. नकार कुणी दिला ते मुलाने मला सांगितलं नाही, त्याला वाटतं मला कळत नाही. पण मी निळी बॅग आणली होती. बॅग आणणारी बाई मुलाला अडवते का? आणि आठ दिवसांनी चर्चमध्ये कार्मेला मला म्हणते, असुन्ता, पोरांना जगू द्यावं. मी! मला! तुझ्या केस कापणाऱ्या बाईकडेच जायची ना ती. दहा वर्षं झाली. या इमारतीत आले तर ती माझ्या आधी इथे येऊन बसलेली. सगळ्या टेबलाला माहीत आहे की मी सुनेचं आयुष्य खाल्लं. सूप वाढतात ना, तेव्हा मला शेवटी वाढतात.”

तिने आजवर या गोष्टीत दोनच माणसं धरली होती, ती आणि तो. डावावरून टपटपणाऱ्या रश्श्याच्या मागे एक तिसरं माणूस उभं आहे, त्याला शेजारी आहेत, त्याला रोज संध्याकाळी जेवायला खाली जावं लागतं, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. केस कापणाऱ्या बाईला दोन भागांत सांगितलेली गोष्ट. पहिला भाग आटोपला तेव्हा डोक्यावर केस रंगवायच्या चंदेरी कागदाच्या घड्या होत्या आणि दोघी हसल्या होत्या.

“मम्मा, मी चुकले. मला माफ करा.”

“माझ्यापाशी काय म्हणतेस? मला माहीतच आहे.” असुन्ताने विणकाम पिशवीत कोंबलं आणि हात पुढे केला. “उठव मला. पाचला जेवण असतं.”

“आत्ता?”

“कार्मेला ब्याण्णव वर्षांची आहे. उद्याचं काय सांगावं?”

जेवणघरात गोल टेबलाभोवती तीन विधवा बसल्या होत्या, तिघी काळ्यात, तिघींच्या गळ्यात रुमाल खोचलेले. असुन्ताने आयलीला खुर्चीच्या मागे उभं केलं, स्वतः बसली, आणि चमच्याने पेल्यावर दोनदा वाजवलं. शेजारच्या दोन टेबलांनीही माना वळवल्या. पंचवीस वर्षं तीस तीस मुलांपुढे उभी राहिलेली आयली आपले हात कुठे ठेवावेत ते शोधत होती.

“ही दारिओची बायको होती,” असुन्ता म्हणाली. “हिला बोलायचंय.”

“मला एवढंच सांगायचं आहे,” आयली म्हणाली, आणि एक विधवा कानामागे हात धरून “मोठ्याने” म्हणाली, म्हणून तिला पुन्हा, मोठ्याने सुरुवात करावी लागली. “दहा वर्षांपूर्वी आम्हाला परदेशी नोकरी मिळाली होती. मम्माने आम्हाला अडवलं नाही. तिने बॅग आणून दिली. ‘नाही’ मी म्हणाले. मला भीती वाटली, आणि मी सगळ्यांना सांगितलं की मम्मामुळे राहिलो. ते खोटं होतं.”

सूप वाढणारी बाई डाव धरून थांबली होती. कार्मेलाने आयलीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग असुन्ताकडे पाहिलं, मग रुमालाने ओठ टिपले. ती म्हणाली, “बॅग कसली होती?”

“निळी,” असुन्ता म्हणाली. “चाकांची.”

“चांगली असणार,” कार्मेला म्हणाली. तिने स्वतःच्या पुढ्यातली सुपाची बशी उचलली आणि दोन्ही हातांनी, थरथरत, न सांडता, असुन्तापुढे ठेवली. असुन्ताने चमचा घेतला, पण तिला लगेच खाता आलं नाही.

कानामागे हात धरलेल्या बाईने आयलीचा झगा ओढला. “आणि आता कुठे जायचं म्हणतात तिथे? आता जातेयस ना?”

आयलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की आत एकही कारण उरलेलं नाही. दाढ नाही, कॅम्प नाही, मम्मा नाही. नुसता घाम, तळव्यांना, बुधवारच्या अकरा चाळीससारखाच, आणि समोर तीन टेबलं, जी कधी काही विसरत नाहीत.

“भीती वाटते,” ती म्हणाली.

“ते कुणी विचारलं नाही,” कार्मेला म्हणाली.

“जातेय,” आयली म्हणाली.

असुन्ताने शेजारची रिकामी खुर्ची पायाने मागे ढकलली. “मग बस,” ती म्हणाली, “आणि हिलाही वाढा, जरा जास्त वाढा. तिकडे म्हणे रोज नुसतं मटण असतं.”